पिलाचे कागद, आईचा खुबा

नोंदणी खात्यात ३१ वर्षे चाकरी केलेल्या माणसाला संसारातील बहुतेक गोष्टी दस्ताच्या रूपानेच दिसू लागतात, आणि घरची माणसे त्या सवयीचा कितीही उपहास करोत, ती निवृत्तीच्या दिवशी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर कचेरीत जमा करून येता येत नाही. दुय्यम निबंधकाच्या मेजामागे बसून लोकांच्या ज्या एका गैरसमजाशी मी जन्मभर झगडलो तो असा, की दस्त नोंदला गेला म्हणजे त्यातील मजकूर सरकारने खरा मानला. वस्तुतः १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली निबंधक पाहतो ते एवढेच, की दस्त करून देणारा इसम तोच आहे, तो आपली सही कबूल करतो, त्याला ओळखणारे हजर आहेत आणि शुल्क यथायोग्य भरलेले आहे. विकली जाणारी जमीन मुळात त्या इसमाची आहे काय, तिच्यावर कोणाचा बोजा आहे काय, तिच्या विहिरीला वैशाखात पाणी राहते काय, याची खातरजमा ज्याची त्याने करावयाची. हे मी हजारो पक्षकारांना समजावून सांगितले, आणि २०१४ च्या पावसाळ्यात सोनेरी चौकटीतला एक कागद हाती आला तेव्हा स्वतःच विसरलो.

त्या कागदावर लॅब्रॅडॉर जातीच्या एका पिलाची वंशावळ छापलेली होती. पूर्वजांची नावे अशी भारदस्त, की एखाद्या संस्थानच्या दरबारातील मानकऱ्यांची यादी वाचतो आहोत असे वाटावे, दोनतीन नावांच्या आधी 'चॅम्पियन' ही पदवी, खाली शिक्का. विकणारा म्हणाला, "साहेब, विथ पेपर आहे. विदाउट पेपर माल आपण ठेवतच नाही." 'माल' हा शब्द तेव्हाच कानाला खटकायला हवा होता, पण तोवर ते पिलू माझ्या पत्नीच्या पदराचे टोक तोंडात धरून बसले होते, आणि अशा वेळी मनुष्याचे कान फारसे काम देत नाहीत. त्याचे नाव आम्ही भोलू ठेवले.

दहाव्या महिन्यात भोलू जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलू लागला. ती त्याची लाडिक खोडी असावी असे आम्हांला वाटले. पुढे सकाळी उठताना तो आधी पुढच्या पायांवर रेटा देई, क्षणभर थांबे, आणि मग सत्तरीच्या म्हाताऱ्याने गुडघ्यावर हात टेकून उठावे तसा मागचा भाग वर घेई. तेव्हा मात्र त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी गुंगीचे औषध देऊन त्याला उताणे निजवले, मागचे पाय सरळ ताणून एकमेकांशी समांतर धरवले, आणि एक्स-रे काढला. ती काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून पेन्सिलीच्या टोकाने ते दाखवू लागले : मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या उखळीत घट्ट बसायचा, ती उखळी वाटीसारखी खोल असावी लागते, भोलूची उखळी बशीसारखी उथळ होती, आणि माथा तिच्या काठावर जेमतेम टेकलेला होता. "याच्या आईबापांचे खुबे कुणी पाहिले होते का?" त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी मी ती सोनेरी चौकट घेऊनच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत सावकाश वाचली, आणि परत देत म्हणाले, "काका, यात खुबा कुठे आहे?"

खुबा त्यात नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. श्वानांच्या शुद्ध जातींची नोंद ठेवणाऱ्या ज्या संस्था देशोदेशी आहेत, आणि आपल्याकडे चेन्नईत मुख्यालय असलेली केनेल क्लब ऑफ इंडिया ही ज्यांपैकी एक, त्या ब्रीडरने भरून दिलेल्या अर्जावरून अमक्या नरापासून अमक्या मादीला अमक्या तारखेस इतकी पिले झाली एवढी वंशाची नोंद करतात. हा दाखला खोटा असतो असे नव्हे. तो निराळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. सातबाऱ्यावर निदान 'इतर हक्क' असा एक रकाना असतो, ज्यात सोसायटीचे कर्ज, कुळाचे नाव, वाटेचा हक्क असे काही डोकावते. नुसत्या वंशावळीत बोज्याचा रकाना नसतो, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेला दोष हाच तर प्राण्यावरचा खरा बोजा. काही देशांत आता तपासणीचे निकाल वंशावळीवर छापतात. भोलूच्या कागदावर तसे काहीच नव्हते.

भोलूला मी दोष देत नाही, आणि फार काळ त्या विकणाऱ्यालाही दिला नाही, पण गेल्या ज्येष्ठात पुतण्याचा फोन आला, "काका, लॅबचे पिलू बघतोय, कागद सगळे आहेत म्हणतात, तुम्ही जरा येता का?" तेव्हा एकदाच्या फसगतीची भरपाई करण्याची संधी आली असे वाटून मी या विषयाचा शोध घेण्यास लागलो. जमिनीच्या व्यवहारात वकील तीस वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतात. पिलाच्या व्यवहारात तो घ्यायचा तर कुठल्या दफ्तरात, हा माझा पहिला प्रश्न होता.

त्या शोधात प्रथम रोगाची कैफियत कळली. कुत्र्यातील खुब्याच्या या विकृतीची नोंद अमेरिकेत १९३५ साली श्नेल नावाच्या पशुवैद्याने केली. पिलू जन्मते तेव्हा त्याचा खुबा ठाकठीक असतो. वाढीच्या पहिल्या महिन्यांत सांधा सैल पडतो, माथा उखळीत हलू लागतो, आणि हलता हलता उखळी उथळ करून टाकतो. म्हणून सहासात आठवड्यांच्या पिलाला पशुवैद्याने तपासून 'निरोगी' म्हटले तरी खुब्याविषयी त्याने काहीच म्हटलेले नसते. हा दोष एखाद्या जनुकाचा नसून अनेकांच्या संगनमताचा असल्यामुळे चांगल्या खुब्यांच्या आईबापांनाही कधी वाईट खुब्याचे पिलू होते. आईबापांची तपासणी केल्याने शक्यता घटते, नाहीशी होत नाही. शिवाय खाण्याचाही त्यात हात असतो. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर १४ वर्षे चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ज्यांना पाव हिश्शाने कमी अन्न दिले ते सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले, आणि त्यांच्या खुब्यांची झीजही उशिरा झाली. भोलूला आमच्याकडे तूपपोळी मिळत असे, तीही दोन वेळा. ही कबुली इथे नोंदवून ठेवणे मला भाग आहे.

तपासणीच्या दफ्तराची गोष्ट मात्र रंजक आहे. जॉन ऑलिन हा अमेरिकेतील बंदुका आणि काडतुसे बनवणारा बडा कारखानदार; शिकारी लॅब्रॅडॉरांचा त्याला नाद. त्याने इलिनॉय प्रांतात जी श्वानशाळा उभारली तिचे नाव 'निलो', म्हणजे त्याच्याच आडनावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने. तिथला किंग बक हा कुत्रा १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरला, आणि १९५९ साली अमेरिकी सरकारच्या बदकशिकारीच्या परवाना-तिकिटावर त्याचे चित्र झळकले. असे वैभव असूनही त्याच श्वानशाळेतली उमदी पिले तरुणपणी लंगडू लागली, तेव्हा पैसा आणि निवड यांनी जे साधले नाही ते नोंदीने साधेल असे ऑलिनच्या मनाने घेतले. गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड यांच्या संघटनांना बरोबर घेऊन १९६६ साली त्याने ओएफए ही संस्था काढविली. तिचे दफ्तर आज मिसूरी राज्यातील कोलंबिया गावी आहे. पद्धत अशी, की कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावर काढलेला एक्स-रे तीन निरनिराळे तज्ज्ञ एकमेकांशी सल्लामसलत न करता पाहतात आणि त्यांच्या मतांवरून सात पायऱ्यांपैकी एक ठरते : उत्तम, चांगला, बरा, मग सीमेवरचा, आणि त्याखाली सौम्य, मध्यम व तीव्र दोष. पहिल्या तिघांनाच उत्तीर्णतेचा क्रमांक मिळतो. त्याच दशकात जर्मनीत शेफर्डच्या नोंदणीपत्रावर खुब्याच्या तपासणीचा शिक्का मारण्याची पद्धत पडली आणि ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या संघटनेने व केनेल क्लबने मिळून आपली योजना चालू केली.

त्या ओएफए क्रमांकाकडे मी बराच वेळ पाहत बसलो, कारण सूची क्रमांक दोनचा उतारा वाचण्यात जे सुख मला मिळे तेच त्यात होते. आधी जातीची अक्षरे, लॅब्रॅडॉरसाठी 'एलआर', मग अनुक्रमांक, त्याला चिकटून श्रेणीचे एक अक्षर, 'ई' म्हणजे उत्तम, 'जी' म्हणजे चांगला, 'एफ' म्हणजे बरा, लगेच एक्स-रेच्या वेळचे वय महिन्यांत, मग लिंग, आणि शेवटी त्या प्राण्याची कायमची ओळख पटवणारी मायक्रोचिप पशुवैद्याने स्वतः पडताळली की नाही ते सांगणारी अक्षरे. लिंगाच्या जागी येणारा 'एफ' मादीसाठी असल्यामुळे तेच अक्षर एका जागी 'बरा' आणि दुसऱ्या जागी 'कुत्री' असा अर्थ देते, आणि हा गोंधळ कित्येक घेणाऱ्यांचा होतो. महत्त्वाचे हे, की असा क्रमांक कागदावर पाहून थांबायचे नसते. संस्थेचे दफ्तर सर्वांस खुले आहे, तिथे तो क्रमांक घालून कुत्र्याचे नाव, जन्मतारीख आणि निकाल यांची रुजवात कोणालाही फुकट घालता येते. केवळ आईबापच नव्हे, त्यांची भावंडे आणि आजी-आजोबा यांचेही निकाल तिथे सापडतात. अनेक जनुकांच्या दोषात एका आईच्या उत्तम खुब्यापेक्षा तिच्या पाच भावंडांचे चांगले खुबे अधिक बोलके असतात. आपण सोयरीक जुळवताना मुलीच्या चुलत-मावस घराण्यांची चौकशी करतो ती काही उगीच नव्हे.

याच संस्थेचा 'चिक' नावाचा दुसरा एक क्रमांक आहे, आणि फसवणुकीला नव्हे पण गैरसमजाला त्याच्याइतकी सोयीची जागा मला दुसरी आढळली नाही. तो मिळतो तो त्या जातीसाठी ठरवलेल्या सर्व तपासण्या केल्याबद्दल आणि निकाल जाहीर करण्यास संमती दिल्याबद्दल. उत्तीर्ण झाल्याबद्दल नव्हे. परीक्षेस बसल्याचा दाखला तो. अर्थात आपल्या कुत्र्याचा वाईट निकालही जगापुढे ठेवणारा ब्रीडर मला कोरा कागद दाखवणाऱ्यापेक्षा शतपट विश्वासार्ह वाटतो. पण 'चिक आहे' एवढ्याने घेणाऱ्याने समाधान मानू नये. ब्रिटिश पद्धतीत उलट, दर खुब्याला शून्य ते ५३ असे दोषांचे गुण देतात, दोन्ही मिळून १०६ पर्यंत, आणि जितके कमी तितके चांगले. तिथे बेरीज ऐकून हुरळून जाऊ नये : सहा आणि सहा मिळून १२ होतात, तसे एक आणि अकरा मिळूनही १२ च होतात, आणि दुसऱ्या कुत्र्याचा एक पाय लंगडा असू शकतो.

एवढी तयारी करून मी पुतण्याबरोबर निघालो.

पहिले ठिकाण उपनगरातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होते. दार उघडताच फिनाइलचा दर्प आला. बैठकीच्या खोलीत टोपलीत पाच पिले ठेवलेली. "डबल बोन आहेत, इम्पोर्ट लाइन," विकणारा तरुण म्हणाला. मी आई कुठे आहे असे विचारले. ती गावाकडे होती. बाप? तो दुसऱ्याचा. मग त्याने लसीकरणाचे पुस्तक पुढे केले आणि म्हणाला, "काका, हेल्थ सर्टिफिकेट." लसीचे पुस्तक हा पिलाच्या आईबापांच्या आरोग्याचा दाखला नव्हे, हे त्याला सांगण्याआधी मी सवयीने तारखा पाहिल्या. पिलांचे वय तो ४० दिवस सांगत होता, आणि पुस्तकात रेबीजची लस दिल्याची नोंद होती, जी पिलू सुमारे तीन महिन्यांचे झाल्याखेरीज देत नाहीत. लसीच्या कुपीवरची चिठ्ठी सोलून जिथे चिकटवायची ती जागा कोरी, आणि डॉक्टरांची सही दोन वेगवेगळ्या तारखांना एकाच शाईत, एकाच घाईत केलेली. बनावट कुलमुखत्यारपत्रे पाहून तयार झालेली नजर इतक्या वर्षांनी पुन्हा कामी आली याचा मला थोडा आनंदच झाला, जो त्या पिलांकडे पाहून लगेच ओसरला.

कायदा या बाबतीत मुका नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्र सरकारने २०१७ साली श्वानप्रजनन आणि विक्री यांविषयी नियम केले. त्यांप्रमाणे ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद केली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही, विकायच्या पिलाला लस आणि मायक्रोचिप हवी, १८ महिन्यांखालील कुत्रीला जोड लावता येत नाही, आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. म्हणजे त्या चौथ्या मजल्यावर मी पाहिले ते केवळ अनुचित नव्हते, बेकायदा होते. इंग्लंडमध्ये तर आई दाखवल्यावाचून पिलू विकणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा ६ एप्रिल २०२० पासून अमलात आला. वेल्समधील एका श्वानपैदाशीच्या कारखान्यातून सुटलेल्या लूसी नावाच्या स्पॅनियल कुत्रीवरून लोक त्याला लूसीचा कायदा म्हणतात. आई गावाकडे असल्याचे उत्तर तिथे चालत नाही.

परत येताना पुतण्या खट्टू होता. "एवढी छान पिलं होती," तो म्हणाला. पिले नेहमीच छान असतात. खरी अडचण तीच आहे. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे कुत्रे एका मुलाच्या मागे धावताना दिसले, तेव्हापासून आपल्या शहरांत त्या जातीची जी लाट आली, तिच्यात किती जणांनी त्या चपट्या नाकातून श्वास कसा आत जातो हे पाहिले असेल? रूपासाठी निवड करीत गेले की प्रकृती कुठे जाते, याचे चित्रण बीबीसीने ऑगस्ट २००८ मध्ये एका माहितीपटात केले, आणि त्यावर इतका गहजब झाला की पुढच्या वर्षी क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण त्या संस्थेने केले नाही. बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्खी भावंडे यांच्या जोडीची पिले नोंदणे ब्रिटिश केनेल क्लबने बंद केले ते त्यानंतर. बापलेकीच्या संबंधात संततीचा अंतःप्रजनन-गुणांक पंचवीस टक्के भरतो, आते-मामे भावंडांच्या संबंधात सव्वासहा. सगोत्र-सपिंडाचा विचार मुलीच्या लग्नात बारकाईने करणारे आपले लोक कुत्र्याच्या वंशावळीत एकच चॅम्पियन आजोबा दोन्ही बाजूंनी आलेला पाहून 'वा, डबल चॅम्पियन लाइन' म्हणतात, याचा मला अचंबा वाटतो.

इथे कोणी म्हणेल, की हे सारे विलायती जातींचे दुखणे; आपला कारवानी कुत्रा किंवा मुधोळ कशाचे एक्स-रे काढतो? म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. दक्षिण महाराष्ट्रातील आणि पलीकडच्या कर्नाटकातील धनगर-शिकाऱ्यांच्या हाती या कुत्र्यांची पैदास होत आली, तेव्हा माळरान हाच तपासनीस होता. सशामागे न धावू शकणाऱ्याची जोड लागतच नसे. पण मुधोळ २००५ साली टपालाच्या तिकिटावर आला, पुढे सैन्यात गेला, आणि आता सदनिकेतही येऊ लागला आहे. ज्याला माळरान पाहायला मिळणार नाही त्याच्यासाठी कागदाची गरज लागेल, आणि ती लवकर ओळखलेली बरी.

दुसरे ठिकाण सातारच्या बाजूला, एका निवृत्त शिक्षिकेचे. फोनवरच त्यांनी सांगितले की सध्या पिले नाहीत. पण बघायला या, कुत्री बघा, मला तुम्हांला बघू द्या. अंगणात शिरलो तेव्हा तुळशीवृंदावनाच्या सावलीत एक वृद्ध पिवळी कुत्री पडली होती. आमची चाहूल लागताच ती उठली, आणि माझी नजर नकळत तिच्या मागच्या पायांवर गेली. ती सरळ उठली. "ही मैना, जाईची आई. अकरावं संपलं," बाई म्हणाल्या. "कागद नंतर बघा, आधी आजीचं चालणं बघा."

मग जाई आली, आणि तिच्यामागून कापडी पिशवीतून कागद. एक्स-रेच्या छापील प्रतीवर कुत्रीचे नाव, चिपचा क्रमांक, तारीख आणि डावे-उजवे यांची खूण हे सारे छायाचित्राच्या आतच उमटलेले होते, वरून चिकटवलेले नव्हते. बाईंनी साबणाच्या वडीएवढे एक यंत्र काढून जाईच्या दोन खांद्यांमध्ये फिरवले. ते पिंगले आणि त्याच्या काचेवर पंधरा आकडे आले. आमच्या कचेरीत नक्कल रुजू करताना एक कारकून मोठ्याने वाचतो आणि दुसरा मूळ प्रतीवर बोट ठेवून पुढे सरकतो. तसेच पुतण्याने यंत्रावरचे आकडे वाचले आणि मी फिल्मवर बोट सरकवीत गेलो. पंधराही जुळले. हा सोपस्कार निरर्थक नव्हे, कारण उत्तम खुब्याची फिल्म खरी असूनही ती भलत्याच कुत्रीची असू शकते.

"निकाल फेअर आहे," बाईंनी आपण होऊन सांगितले, आणि पुतण्याचा चेहरा पाहून हसल्या. "फेअर म्हणजे गोरी नव्हे हो. बरी. उत्तम नाही, हे आधीच सांगते. म्हणून हिला जोड लावली ती उत्तम खुब्याच्या कुत्र्याशी." तो नर बंगळूरचा; त्याचे क्रमांक त्यांनी लिहून दिले, घरी जाऊन स्वतः पडताळा म्हणाल्या. डोळ्यांच्या तपासणीचा कागद वर्षभरापूर्वीचा होता, आणि ती तपासणी एका वर्षापुरतीच ग्राह्य असल्यामुळे पुढच्या वेताआधी पुन्हा करणार हेही त्यांनीच सांगितले.

शेवटच्या कागदापाशी पुतण्या अडखळला. लॅब्रॅडॉरमध्ये एक विकार असतो, ज्यात निरोगी दिसणारे कुत्रे दहा-पंधरा मिनिटे जोरात पळाल्यावर मागच्या पायांनी कोसळते. त्याचे जनुक मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली शोधले, आणि आता लाळेच्या नमुन्यावरून ते तपासता येते. जाईच्या निकालात 'कॅरियर' असे लिहिले होते. "म्हणजे हिला तो रोग आहे?" त्याने विचारले. नाही, हिच्याजवळ दोषी जनुकाची एकच प्रत आहे, रोगाला दोन लागतात. दोन वाहकांची जोड लावली तर सरासरीने चारांतील एक पिलू रोगी निघते. पण वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर एकही निघत नाही, आणि बंगळूरचा तो नर निर्दोष होता. वाहक दिसला की वंशातून काढून टाका, असे म्हणणारे शुद्धिवादी मला पटत नाहीत. एक दोष टाळण्याच्या भरात ते चांगल्या कुत्र्यांचा गोतावळा इतका आकसून टाकतात की दुसरे चार दोष आपोआप वर येतात. जाईचा तो 'कॅरियर' शब्द बाईंनी झाकला नाही, याचेच मोल मला अधिक वाटले.

मग आमची उलटतपासणी सुरू झाली. फरशी कसली? गुळगुळीत टाइल्सची. मग वाढत्या पिलाचे पाय घसरतील, चटया घाला. कितवा मजला, लिफ्ट आहे का, दुपारी घरी कोण, बदली झाली तर कुत्र्याचे काय? सांभाळणे अशक्य झाले तर परस्पर कोणाला न देता पिलू त्यांच्याकडेच परत आणायचे, अशी लेखी कबुली त्या घेतात. साध्या कागदावर असलेला तो मसुदा वाचून मी मुद्रांकाची सूचना केली आणि दोन कलमे सुधारून दिली. बाईंनी ती मान्य केली, फक्त 'सदरहू श्वान' हा माझा शब्दप्रयोग खोडून त्या जागी 'पिलू' असे लिहिले.

घरी आल्यावर आम्ही त्या नराचे क्रमांक पडताळले. जुळले.

बाईंच्या वहीत पुतण्याचे नाव सहावे आहे. जाईची पुढची जोड मार्गशीर्षात लागली तर ६३ दिवसांनी, म्हणजे माघात, पिले होतील, आणि आठ आठवडे पुरे झाल्याखेरीज, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, त्यांतले एकही त्या हातातून सोडणार नाहीत. पाचच झाली तर पुतण्याला आणखी एक वर्ष थांबावे लागेल. काथ्याच्या चटया मात्र त्याने आताच आणून अंथरल्या आहेत.